नऊ ते पाचची वीज

मध्य प्रदेशात 2025-26 च्या दरपत्रकापासून स्मार्ट मीटर असलेल्या आणि 10 किलोवॉटपर्यंत मंजूर भार (एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढायची परवानगी) असलेल्या घरांना सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेत वापरलेल्या विजेवर 20 टक्के सूट मिळते. इंदूरमध्ये आमच्या ओळखीत हे सगळ्यांच्या कानावर गेलेलं आहे. कुठे अर्ज करायचा नाही, सूट आपोआप बिलात येते, म्हणून बहुतेकांनी "बरं झालं" म्हटलं आणि विषय तिथेच संपला. मी मात्र तो धरून ठेवला. आमच्या घरी महिन्याला तीनशेच्या वर युनिट जातात, उन्हाळ्यात आणखी बरीच, आणि दिवसभर घरात कोणी ना कोणी असतं. मग ही सूट आपल्याला नक्की किती पडते, ती वाढवता येते का, आणि वाढवायची तर घरात कोणाला काय सोसावं लागतं, हे मला कागदावर मांडून बघायचं होतं.

राजेंद्रनगरला आमचं जुनं बैठं घर आहे, वरचा मजला नंतर चढवलेला. सासूबाई, आम्ही दोघं आणि अकरावीतली मुलगी. ह्यांची नोकरी पिथमपूरच्या कारखान्यात. मी सकाळच्या शाळेत शिकवते, दीड वाजेपर्यंत घरी येते. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड, ते खालच्या हौदात पडतं आणि मोटरने वरच्या टाकीत चढवावं लागतं. वर-खाली मिळून दोन गिझर, एक एसी, कपड्यांचं मशीन, आणि सासूबाईंची घरघंटी, जिच्यामुळे आमच्याकडे विकतचं पीठ येतच नाही.

वेळेप्रमाणे विजेचा दर ही गोष्ट ह्यांना नवी नव्हती. कारखान्यांना टीओडी, म्हणजे दिवसाच्या वेळेनुसार वेगळा दर, कितीतरी वर्षांपासून लागू आहे. कोणती मोठी मशीन कधी चालवायची हे तिथे दर बघूनच ठरतं. घरांपर्यंत तो यायला वेळ लागला. केंद्र सरकारने जून 2023 मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत दुरुस्ती केली. दिवसातले 8 तास 'सोलर अवर्स', म्हणजे उन्हाच्या विजेचे तास, धरायचे, त्या वेळी दर नेहमीपेक्षा किमान 20 टक्के कमी ठेवायचा, मागणी चढते त्या तासांत घरगुती ग्राहकांना किमान 10 टक्के जास्त लावायचा, आणि शेती सोडून सगळ्यांना हे 1 एप्रिल 2025 पर्यंत लागू करायचं, असं त्यात होतं. तास कोणते हे प्रत्येक राज्याच्या नियामक आयोगाने ठरवायचे. आपल्याकडे 9 ते 5 ठरले. आमच्या बिलात संध्याकाळचा जादा दर आजवर कधी लागलेला नाही, फक्त दिवसाची सूट येते.

हे का केलं, ते मला ह्यांनी एका वाक्यात समजावलं: दुपारी वीज जास्त आहे आणि संध्याकाळी कमी. सौर ऊर्जेचे प्रकल्प वाढले तशी भर दुपारी भरपूर वीज तयार होऊ लागली. बाजारात आंबा एकदम उतरला की भाव पडतो, तसंच तिचं. पण सूर्य मावळायला आणि घराघरांतले दिवे, टीव्ही, एसी सुरू व्हायला एकच गाठ पडते. तेव्हा खंडव्याच्या सिंगाजीसारख्या औष्णिक केंद्रांना जोर लावावा लागतो, इंदिरा सागरसारख्या धरणांचं पाणी टर्बाइनवर सोडावं लागतं. त्या दोन-चार तासांसाठी जी वीज उभी करावी लागते ती सगळ्यांत महाग. आपण कपड्यांचं मशीन रात्री आठला लावतो की सकाळी अकराला, याने कपडे धुण्यात काही फरक पडत नाही, पण ती वीज आणायचा खर्च वेगळा असतो. हे एकदा पटलं की सवलतीचा आकडा लहान असला तरी त्यामागची गोष्ट लहान वाटत नाही.

इंदूरकरांना याचं मोठ्या मापातलं उदाहरण आपल्याच नळाला सापडेल. नर्मदेचं पाणी मंडलेश्वरजवळच्या जलूदहून 70 किलोमीटरच्या आसपास अंतर कापून, घाट चढून आपल्यापर्यंत येतं, आणि ते चढवायच्या विजेचा खर्च हे महापालिकेचं जुनं दुखणं. म्हणून महापालिकेने फेब्रुवारी 2023 मध्ये 244 कोटींचे हरित रोखे (पर्यावरणाच्या कामासाठी लोकांकडून घेतलेलं कर्ज) काढले, जलूदला 60 मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारायला. शहर जर उन्हाच्या विजेवर पाणी चढवायचा विचार करतं, तर आपल्या हौदातलं पाणी आपण पहाटे साडेपाचलाच का चढवतो, हा प्रश्न मला तेव्हा पडला.

तर मोजणी. वीज कंपनीच्या अ‍ॅपवर रोजचा वापर दिसतो, पण मला तो माझ्या हाताने लिहिलेला हवा होता, आणि मुख्य म्हणजे सासूबाईंना समजेल असा हवा होता. म्हणून आम्ही साधी युक्ती केली. सकाळी 9 वाजता मीटरचा आकडा आणि संध्याकाळी 5 वाजता परत आकडा, दोन्ही भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात. सकाळी मी शाळेत असते, त्यामुळे 9 चा आकडा सासूबाईंकडे. त्या चष्मा लावून, हातात पेन घेऊन बरोबर नऊच्या ठोक्याला मीटरसमोर उभ्या राहत. एकादशीच्या चौकोनात लिहायला जागा उरत नसे, तर शेजारी बाण काढून लिहीत.

मीटरचा डिस्प्ले आपोआप फिरत असतो: तारीख, वेळ, व्होल्टेज, मग एकूण युनिट. कोणता आकडा कशाचा हे पहिल्यांदा कळत नाही. आमच्या झोनवरच्या एका तरुण इंजिनिअरने मला ते नीट दाखवलं. (वीज मंडळाच्या कंपन्या होऊन इतकी वर्षं झाली, तरी आमच्याकडे सगळे अजून 'एमपीईबी'च म्हणतात, आणि ऑफिसला 'झोन'.) केडब्ल्यूएच लिहिलेला आकडा म्हणजे एकूण युनिट, केडब्ल्यूच्या बरोबर एमडी दिसतं तो त्या महिन्यातला सगळ्यांत जास्त भार. "मैडम, छूट तो अपने आप आएगी, पर एमडी पर नजर रखना," असं तो जाताना म्हणाला. हे एमडी प्रकरण पुढे येईलच.

मीटरवर एक बारीक लाल दिवाही लुकलुकत असतो. किती लुकलुकी म्हणजे एक युनिट, ते मीटरवरच छापलेलं असतं. एका रविवारी आम्ही घरातलं सगळं बंद करून मुलीला मीटरशी उभं केलं आणि एकेक वस्तू लावत गेलो. फ्रिजवर दिवा सावकाश, अधूनमधून. घरघंटी लावली तसा भरभर. वरचा गिझर लावला तेव्हा ती तिथूनच ओरडली, "आई, हा थांबतच नाहीये!" सेकंदाला जवळजवळ दोनदा. मी तिला भौतिकशास्त्रातले वॉट आणि तास कितीदा समजावले असतील, पण दोन किलोवॉट म्हणजे काय हे तिला त्या दिव्याने शिकवलं.

कॅलेंडरवरच्या आकड्यांतून निघालं ते असं. चोवीस तासांत साधारण 11 युनिट, त्यातली 9 ते 5 मध्ये जेमतेम 3. दिवसाचा एक तृतीयांश वेळ सवलतीचा, आणि आमचा वापर त्या वेळात पाव हिश्शाच्या आसपास. फ्रिज तर अहोरात्र चालतो, त्याचा तिसरा हिस्सा आपसूक सवलतीत जातो, म्हणजे आमच्या हाताने केलेला वापर बहुतेक सगळा सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर. नोकरी-शाळेच्या घरात दुसरं काय होणार?

मग काय हलवता येतं याची यादी करायला बसलो, आणि पहिली बोलणी गिझरवरून झाली. खालचा गिझर पहाटे साडेपाचला लागतो. इंदूरच्या डिसेंबर-जानेवारीत तो तसाच लागणार, मला आणि मुलीला सातच्या आत बाहेर पडायचं असतं. सासूबाई घरीच असतात, त्यांनी दहाला अंघोळ केली तर चालेल का, असं ह्यांनी सहज विचारलं. त्या म्हणाल्या, "अरे, दीड-दोन रुपयांसाठी देवाला दहापर्यंत पारोसं ठेवू का?" ह्यांनी पुन्हा विषय काढला नाही आणि मलाही तो काढावासा वाटला नाही. ज्या घरात पन्नास वर्षं सकाळी सहाला देवापुढे दिवा लागतो तिथे दराच्या तक्त्यासाठी ते बदलायचं नाही, हे आम्ही ठरवूनच टाकलं.

वरच्या गिझरचं मात्र जमलं. हे पिथमपूरहून साडेसहा-सातला येतात आणि आल्याबरोबर अंघोळ करतात. तोपर्यंत आम्ही गिझर सहाला लावायचो, म्हणजे ऐन मागणीच्या वेळी. आता चारला लावते आणि पाचच्या आत बंद. 25 लिटरची साठवणीची टाकी चांगली असेल तर दोन-अडीच तासांत पाणी फारसं निवत नाही. ह्यांना पहिले काही दिवस कळलंच नाही. ही एकच गोष्ट रोज एक युनिटच्या वर दिवसाकडे नेते, आणि त्यासाठी कोणाला काही सोडावं लागलं नाही.

मोटर अकराला. हौद भरलेला असतो, पाणी कुठे पळून जात नाही. घरघंटी दुपारी, इस्त्री शनिवारी दुपारी. ह्यांचे कारखान्याचे कपडे कोमट पाण्यावर धुवावे लागतात, त्यामुळे मशीन गार पाण्याच्या मानाने बरीच वीज खातं. ते मी रात्री जेवणं झाल्यावर लावत असे, ते शाळेतून आल्यावर लावू लागले. एवढ्यात 9 ते 5 चा आकडा 3 वरून 5 च्या आसपास आला.

आता पैसे. आमच्या स्लॅबमध्ये वरच्या टप्प्यातल्या युनिटचा दर 7 रुपयांच्या आसपास, म्हणजे सूट युनिटमागे फार तर 1 रुपया 40 पैसे. महिन्याला आधी शंभर-सव्वाशे रुपये आपसूक मिळत होते, आता दोनशेच्या जवळपास मिळतात. सगळ्या खटाटोपाची कमाई महिन्याला पाऊणशे-ऐंशी रुपये. मी हा आकडा मुद्दाम स्पष्ट लिहिते आहे, कारण "दिवसा वीज वापरा, बिल 20 टक्के कमी" असं ऐकून जे हिशेब लावतात त्यांची निराशा होईल. सूट एकूण बिलावर नसते, त्या आठ तासांतल्या युनिटांच्या ऊर्जा आकारावर, म्हणजे युनिट गुणिले दर एवढ्या रकमेवर, असते. स्थिर आकार (फिक्स्ड चार्ज) तसाच राहतो.

आणि स्थिर आकार हीच आपल्या राज्यात नीट समजून घ्यायची गोष्ट आहे. मध्य प्रदेशात 150 युनिटच्या पुढे गेलेल्या घरगुती ग्राहकाचा स्थिर आकार त्याच्या वापरावर मोजतात: दर 15 युनिटला 0.1 किलोवॉट भार धरायचा, आणि प्रत्येक 0.1 किलोवॉटला ठरावीक रुपये. 330 युनिट झाली तर 22 भाग. आमच्या बिलात तो सहाशेच्या पुढे जातो. हे लक्षात आल्यावर मी वहीत दोन ओळी मांडल्या. 15 युनिट रात्रीची दिवसाकडे सरकवली तर वीस-एकवीस रुपये वाचतात. तीच 15 युनिट मुळात वापरलीच नाहीत तर ऊर्जा आकाराचे शंभराच्या वर आणि स्थिर आकाराचा एक भाग, मिळून सव्वाशेच्या वर. सहापट! त्या दिवसापासून आमच्या घरात वीज कधी वापरायची याच्या आधी वाया जाणाऱ्या युनिटांचा विचार होतो. वरचा गिझर पूर्वी चालू राहून जायचा आणि रात्रभर स्वतःला तापवत बसायचा, ते बंद झालं. मुलीच्या खोलीतला एसी 20 वरून 25 वर गेला आणि पंखा जोडीला आला. खरी बचत यातून दिसली.

एमडीबद्दल सांगायचं राहिलं. सूट नऊला सुरू होते म्हणून नऊ वाजून पाच मिनिटांनी मोटर, मशीन, घरघंटी, इस्त्री, गिझर सगळं एकदम लावायचं नाही. स्मार्ट मीटर हा एकत्र भारही टिपून ठेवतो. 2023 च्या त्याच नियमांत ग्राहकाच्या बाजूची दोन कलमं आहेत: मीटर बसण्याआधीच्या काळासाठी नव्या मीटरने दाखवलेल्या जादा भारावरून दंड लावता येत नाही, आणि मंजूर भार वर न्यायचा तर आर्थिक वर्षात तो किमान तीन वेळा ओलांडलेला असावा लागतो. आमचा भार 3 किलोवॉट. गिझर दोनचा, घरघंटी पाऊणच्या वर, कोमट पाण्यावरचं मशीन जवळजवळ दोनचं. तिन्ही एकदम लागले की झालंच. म्हणून सासूबाईंनी क्रम लावून दिला: मोटर संपल्याशिवाय दळण नाही, कपडे निघाल्याशिवाय गिझर नाही. तो फ्रिजवर चिकटवलेला आहे आणि तो मोडायची घरात कोणाची हिंमत नाही.

स्मार्ट मीटर पळतं, बिल फुगवतं, अशी भीती आमच्या गल्लीतही आहे आणि मी ती हसण्यावारी नेत नाही. ज्याला शंका आहे त्याने तक्रार करावी. फेब्रुवारी 2024 च्या दुरुस्तीनुसार रीडिंगची तक्रार आली तर कंपनीने 5 दिवसांत दुसरं मीटर जोडीला लावायचं आणि किमान तीन महिने दोन्हींचा वापर ताडून बघायचा, असा नियम आहे. आणि ज्यांचं मीटर अजून बदलायचं आहे त्यांनी जुन्या मीटरच्या शेवटच्या रीडिंगचा फोटो आपल्या फोनवर काढून ठेवावा. मी ठेवला होता. पुढच्या बिलातला जुना आकडा त्याच्याशी जुळवला, तेव्हाच माझा या मीटरवर विश्वास बसला.

हे सगळं समजल्यावर मी आधी रामबागेतल्या मावशीकडे गेले. ती एकटी राहते, महिन्याला 140 युनिटच्या घरात वापर. तिचा हिशेब आमच्याहून अगदी वेगळा निघाला. अटल गृहज्योती योजनेत महिन्याचा वापर 150 युनिटच्या आत राहिला तर पहिल्या 100 युनिटचे फक्त 100 रुपये. 150 ओलांडलं की हे सगळं गेलं, त्या महिन्यापुरतं पूर्ण दराचं बिल. दिवसाची 20 टक्के सूट मोजताना ही सबसिडी धरतही नाहीत. म्हणजे मावशीने मशीन सकाळी लावलं की रात्री, यापेक्षा दिवसाला 5 युनिटच्या आत राहणं तिला कितीतरी मोलाचं आहे. मे महिन्यात तिच्याकडे नातवंडं येतात, कूलर दोन-दोन चालतात आणि नेमकं तेव्हाच बिल तिप्पट-चौपट का येतं, हे तिला इतकी वर्षं कोडं होतं. आता तीही कॅलेंडरवर आकडा लिहिते, पण रोज एकदाच, रात्री झोपताना.

दोघंही नोकरीला जाणाऱ्या घरांचं मला वाईट वाटतं. सकाळी आठला कुलूप, रात्री आठला उघडतं, त्यांच्या वाट्याला फ्रिजपुरती सूट. टायमरचं मशीन, टायमरचा गिझर घेतला तर काही साधेल, पण ज्याच्याकडे असल्या वस्तू आहेत त्यालाच आणखी सूट, असं ते होतं. आणि जिथे दिवसा घरी माणूस आहे तिथे ते माणूस बहुतेक बाई असते. तिची दुपारची आडवं व्हायची तासभर वेळ म्हणजे रिकामी वेळ, असं गृहीत धरून सगळी कामं तिच्यावर ढकलली तर ती सूट कोणाच्या कष्टातून आली हे बिलावर छापून येत नाही. आमच्याकडे दुपारी दोन ते साडेतीन काहीही लावायचं नाही, हा नियमही त्याच फ्रिजवरच्या कागदावर आहे. तो मी लिहिला.

जिथे कोणाचीच दुपार मोडत नाही अशी एक जागा मला मावशीच्या मल्टीत, म्हणजे फ्लॅटच्या इमारतीत, दिसली. तिथला पाण्याचा पंप चौकीदार सकाळी सहाला आणि संध्याकाळी सातला लावतो, वर्षानुवर्षांची सवय म्हणून. गच्चीवरच्या टाक्या दुपारी अर्ध्या भरलेल्याच असतात. मावशीने रहिवाशांच्या बैठकीत विषय काढला. पहिला प्रश्न आला तो बरोबर होता: सामाईक कनेक्शन कोणत्या वर्गात आहे, घरगुती की दुसऱ्या, आणि त्याचा मंजूर भार किती? ते बिल कोणी वाचलेलंच नव्हतं. सेक्रेटरीकाकांनी फाइल आणली, बिलावरचा वर्ग आणि भार वाचून दाखवला, आणि खात्री करायला झोनवर कोण जाणार यावर थोडी वादावादी झाली. शेवटी मावशीच म्हणाली, "मी जाते, भाचीला घेऊन." पुढच्या बुधवारी माझी शाळा सुटली की आम्ही दोघी जाणार आहोत. पंपाला टायमर बसवायचा दर मी इलेक्ट्रिशियनला विचारून ठेवला आहे.